ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, की ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते?

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या कित्येक गावांत घरांना कुलपे लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. असे अनेक कोयते, त्यांची मुले, भांडीकुंडी, पत्रे, बांबू आणि पुढच्या चार-पाच महिन्यांचा संसार ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांत चढतो. तुमच्यापैकी काहींनी हा प्रवास स्वतः केलाही असेल.

दर हंगामाला काही तरुण पहिल्यांदाच दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरवर बसतात. ट्रॅक्टर त्यांना नवा नसतो. नांगरट, पेरणी, मळणी त्यांनी केलेली असते. क्लच, गिअर, ब्रेक पायाखालचे असतात. मग त्यांनी नवे शिकायचे काय? पुष्कळांना वाटते, ओझे जास्त म्हणून जोर जास्त लावायचा, एवढेच. पण जोर लावायचे काम इंजिन करते आणि ते आपले काम चोख करते. खरी अडचण जोर काढून घेताना सुरू होते. ती समजण्यासाठी आधी एक छोटासा प्रयोग करू.

तीन रिकाम्या काड्यापेट्या घ्या. टाचण्या किंवा बारीक तार वाकवून त्या एकामागे एक अशा जोडा. प्रत्येक सांधा डावीकडे-उजवीकडे मोकळेपणाने वळला पाहिजे. ही झाली तुमची आगगाडी. टेबलावर ती वेडीवाकडी ठेवा आणि पहिली पेटी बोटाने हळूच पुढे ओढा. वाकडी साखळी आपोआप सरळ होत जाईल. आता ती नीट सरळ मांडा आणि शेवटच्या पेटीला मागून ढकला. कितीही काळजी घेतली तरी दोन-चार बोटे पुढे जाते न जाते तोच मधला सांधा बाजूला फुटतो आणि पेट्यांची घडी होते. खिशातला चाकू मिटावा तशी.

ओढताना सांध्यावर ताण असतो. गाडी थोडी तिरकी झाली तरी ताण तिला परत रेषेत आणतो. ढकलताना सांध्यावर दाब असतो. गाडी केसभर तिरकी झाली की दाब तिला आणखी तिरकी करतो. पहिल्या स्थितीला स्थिर म्हणतात, दुसरीला अस्थिर. वाटीत ठेवलेली गोटी आणि पालथ्या वाटीवर ठेवलेली गोटी यांत जो फरक, तोच हा.

आता रस्त्यावर या. ट्रॅक्टर सपाटीवर किंवा चढावर चालतो तेव्हा तो ट्रॉल्यांना ओढत असतो. सगळे सांधे ताणलेले, सगळी वरात सरळ. पण चालकाने ब्रेकवर पाय दिला की काय होते? आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना असतात, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. ट्रॅक्टर मंदावतो, ट्रॉल्यांना मात्र कोणी मंदावायला सांगितलेले नसते. न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे त्या आपल्या वेगाने पुढेच येतात आणि ट्रॅक्टरला मागून ढकलतात. ज्या क्षणी ब्रेक लागतो त्या क्षणी ओढणारा कोण आणि ढकलणारा कोण, हे नाते उलटते. उतारावर तेच होते. मागे घेतानाही तेच. नव्या चालकाची परीक्षा या तीन प्रसंगी होते आणि तिन्हींचे मूळ काड्यापेट्यांच्या त्या घडीत आहे.

उताराचे गणित जरा सविस्तर करू, कारण बीड जिल्ह्यात ते नुसते पाटीवरचे गणित राहत नाही. जिल्ह्याच्या मधून बालाघाटचे डोंगर जातात. केज, धारूर, अंबाजोगाई वर पठारावर, तर माजलगाव, तेलगाव खाली गोदावरी-सिंदफणेच्या खोऱ्यात. वरून खाली जाणारा धारूरचा घाट अरुंद आणि वळणावळणांचा म्हणून सर्वांना माहीत आहे. घाटाखाली तेलगावजवळ साखर कारखाना आहे. म्हणजे हंगामात भरलेला ऊस घाट उतरतो.

समजा ट्रॅक्टर २,२०० किलोंचा आहे. रिकामी ट्रॉली २ टन आणि तिच्यात १० टन ऊस, अशा दोन ट्रॉल्या. हे आकडे आपण हिशेबासाठी धरले आहेत. तुमच्या गावच्या वजनकाट्यावरचे खरे आकडे मिळाले तर ते घाला. सगळी वरात झाली सुमारे २६,२०० किलोंची. ट्रॉल्या चारचाकी असल्याने त्यांचे वजन त्यांच्याच चाकांवर आहे, ट्रॅक्टरवर नाही. ट्रॅक्टरच्या वजनापैकी सुमारे १,४०० किलो त्याच्या मागच्या चाकांवर पडते असे धरू.

ब्रेक कितीही घट्ट दाबला तरी गाडीला थांबवणारे बल शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून येते. कोरड्या डांबरावर घर्षणगुणक ०.६५ धरला तर १,४०० किलोंमागे साधारण ९०० किलोग्रॅम-भार एवढे बल मिळेल. (एक किलो वस्तूला पृथ्वी जेवढ्या बलाने खाली ओढते तो एक किलोग्रॅम-भार.) त्याहून अधिक दाबाल तर चाक फिरायचे थांबून घसरू लागेल, बल वाढणार नाही. याशिवाय सगळ्या चाकांच्या लोळण्याला रस्ता थोडा विरोध करतो. तो वजनाच्या दोन टक्के धरला तर सुमारे ५२० किलोग्रॅम-भार. दोन्ही मिळून १,४२०.

एकटा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने जात असताना करकचून ब्रेक दाबला तर तो चार मीटरांच्या आसपास थांबतो. त्याच ट्रॅक्टरला, त्याच सपाट रस्त्यावर, दोन भरलेल्या ट्रॉल्यांसह थांबायला जवळजवळ ३० मीटर लागतात. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. ते आणखी पाच-सहा मीटर.

आता उतार घ्या. रस्ता बांधताना डोंगराळ मुलखात २० मीटरला १ मीटर हा उतार सोयीचा मानतात. १५ मीटरला १ मीटर एवढा उतार नाइलाज असेल तिथेच ठेवतात. २० स १ च्या उतारावर वजनाचा विसावा भाग गाडीला खाली ओढतो. २६,२०० चा विसावा भाग १,३१०. आपल्याजवळ अडवणारे बल १,४२०. उरले ११० किलोग्रॅम-भार. एवढ्या तुटपुंज्या बलाने २६ टनांची वरात ताशी २० किलोमीटरवरून थांबवायची तर साडेतीनशे मीटरांहून जास्त अंतर लागेल. घाटात तेवढ्या अंतरात कितीतरी वळणे येऊन जातात.

१५ स १ च्या उतारावर गाडीला खाली ओढणारे बल होते सुमारे १,७५०. अडवणारे तेच, १,४२०. वजाबाकी तुम्हीच करा. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना, चाके घसरत असताना, गाडीचा वेग वाढतच जाईल. दोनशे मीटर खाली गेल्यावर ताशी २० चे ३२ झालेले असतील. 'ब्रेक फेल झाला' असे अशा अपघातांनंतर आपण सर्रास ऐकतो. पुष्कळदा ब्रेक ठीकच असावा असे मला वाटते. जे काम त्याला सांगितले ते त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

आणि संकट एवढ्यावर थांबत नाही. घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकडही राहत नाही. मागून दोन ट्रॉल्यांचा रेटा आणि पुढे पकड सुटलेला ट्रॅक्टर: सांधा बाजूला फुटतो, ट्रॅक्टर आडवा होतो. काड्यापेट्यांची घडी आठवली ना?

आता मागची ट्रॉली घाटमाथ्यावर सोडून हेच गणित करा. वरात १४,२०० किलोंची. १५ स १ वर खाली ओढणारे बल ९४७, अडवणारे ९०० अधिक २८४, म्हणजे १,१८४. आता थांबणे शक्य झाले. ताशी २० च्या वेगाने सुमारे ९५ मीटर लागतील, ते फारच झाले. पण वेग ताशी ८ ठेवला तर १५ मीटर पुरतील, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ट्रॉल्या एकेक करून उतरवायच्या आणि बैलाच्या चालीने उतरवायच्या. जुने चालक जे अनुभवाने सांगतात, ते आपल्याला चार ओळींच्या आकडेमोडीत मिळाले. एकेक ट्रॉली म्हणजे दोन खेपा, जास्त डिझेल, कारखान्याच्या रांगेतला नंबर मागे. म्हणून हा सल्ला ऐकायला सोपा आणि पाळायला महाग आहे, हेही खरे.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची एक वाईट खोड आहे. गिअरमध्ये असलेले इंजिन स्वतःच चाकांना अडवते आणि ब्रेक तापू देत नाही. न्यूट्रल केले की तो आधार गेला. वेग एकदा वाढला की खालचा गिअर पुन्हा पडत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट उतरायचा तो माथ्यावरच टाकून घ्यायचा. आणखी एक गोष्ट: ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात, डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे. शेतात तासाच्या टोकाला झटकन वळण्यासाठी ती सोय आहे. रस्त्यावर येताना दोन्ही पेडले पट्टीने एकमेकांना अडकवलीच पाहिजेत. एकाच पेडलवर पाय पडला तर एकच चाक अडते आणि मागचा रेटा ट्रॅक्टरला त्या चाकाभोवती गरकन फिरवतो.

चढावर धोका वेगळा. सांधे ताणलेले असतात, घडी पडत नाही. मात्र ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. ही साधी तरफ आहे. मागचे चाक जिथे जमिनीला टेकते तो टेकू. ट्रॉलीची ओढ मागे, जमिनीपासून समजा अर्धा मीटर उंचीवर. पुढची चाके टेकूपासून दोन मीटर पुढे. म्हणजे ओढीच्या चौथ्या भागाएवढे वजन पुढच्या चाकांवरून उचलले जाते. ओढ १,२०० किलोग्रॅम-भार असेल तर पुढच्या ८०० किलोंपैकी ३०० गेले. स्टिअरिंग हलके लागते ते यामुळे. आता चढावर अडकलेल्या गाडीला दुसऱ्या ट्रॅक्टरने टोचन लावताना कोणी साखळी उंच, सीटच्या मागे कुठेतरी, मीटरभर उंचीवर बांधली, तर ३०० चे ६०० होतात. त्यात चालकाने क्लच झटक्यात सोडला तर ट्रॅक्टरचे नाक वर उठते आणि तो पाठीवर उलटतो. ते इतक्या लवकर होते की उडी मारायलाही वेळ मिळत नाही. साखळी बांधायची जागा खालीच, ओढदांडीला. पुढे वजने लावतात तीही याचसाठी.

हे सर्व पाहिल्यावर तुम्ही म्हणाल, सांधा दुसरीकडे कुठे घेता आला तर? हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे उत्तर एका चमत्कारिक नावाच्या वस्तूत आहे: पाचवे चाक.

बैलगाडीला दोन चाके असतात. ती वळवायला काही युक्ती लागत नाही, बैल वळले की गाडी वळते. पण चार चाकांच्या घोडागाडीचा पुढचा आस वळवावा लागतो. त्यासाठी युरोपातल्या गाडीवाल्यांनी पुढच्या आसावर एक चक्र आडवे बसवले आणि गाडीचा सांगाडा त्यावर टेकवला. चार चाके उभी, पाचवे आडवे. तुमच्या गावात चारचाकी ट्रॉली असेल तर तिच्या पुढच्या आसाखाली वाकून पाहा. दांडीबरोबर फिरणारे ते मोठे लोखंडी कडे म्हणजे त्याच पाचव्या चाकाचे वंशज. आपले लोक त्याला टर्नटेबल म्हणतात.

मोटारी आल्यावर हे चक्र ट्रॅक्टरवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवर, चढले. १९१४ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची बोट वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीला जोडायची गाडी बनवून दिली. पुढे त्याच्या कारखान्याचे नाव ट्रेलरच्या धंद्यात मोठे झाले. विमानांचा प्रसिद्ध संशोधक ग्लेन कर्टिस याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस चालते घर बनवले. त्याचा सांधा म्हणजे हवा भरलेला विमानाचा टायर, आडवा ठेवलेला. धक्के त्यात जिरत. आज अमेरिकेत सुट्टीला निघालेली कुटुंबे पिकअप गाडीच्या हौद्यात असे पाचवे चाक बसवून मागे स्वयंपाकघर-बिछान्यांसह अख्खे घर ओढत नेतात. तिथेही दरवर्षी नवशिके येतात आणि त्यांना शिकावे लागते ते हेच सारे.

आपल्याकडे ही चालती घरे दिसत नाहीत. पाचवे चाक मात्र रोज दिसते. सोलापूर-धुळे महामार्गावर बीड किंवा मांजरसुंब्याला थांबा आणि कंटेनर वाहणारे मोठे ट्रेलर पाहा. बालाघाटावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांची लांबच लांब पाती आणणारी वाहनेही असेच सांधे वापरतात. ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या आसाच्या अगदी वर, बहुधा किंचित पुढे, ग्रीस लावलेली जाड लोखंडी तबकडी असते. ट्रेलरच्या पोटातला खुंटा तिच्या खाचेत अडकतो आणि ट्रेलरचे पुढचे ओझे तिच्यावर विसावते.

यात फायदा कोणता? ट्रॅक्टरच्या ओढदांडीचा सांधा आसाच्या बराच मागे असतो. तिथे तिरका रेटा बसला की तो रेटा तरफेसारखा ट्रॅक्टरचे शेपूट बाजूला फेकतो. पाचव्या चाकात सांधा आसावरच आहे, तरफेचा हातच उरत नाही. दुसरे असे की ट्रेलरच्या वजनाचा मोठा हिस्सा ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांवर येतो. जास्त वजन म्हणजे जास्त घर्षण, म्हणजे जास्त ब्रेक. चालत्या घरांच्या बाबतीत वजनाचा १५ ते २५ टक्के भाग सांध्यावर असावा असा तिकडचा दंडक आहे. मागच्या हुकाला लावायच्या साध्या ट्रेलरला १० ते १५ टक्के. याहून कमी झाले, म्हणजे सामान मागच्या बाजूला फार भरले, की वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो. एकदा का ते झोके वाढू लागले की आवरणे कठीण. आपल्या शेतकऱ्याला हे निराळ्या रूपात ठाऊक आहे. बैलगाडीत ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते. पुढे जास्त गेले की बैलांच्या मानेला रग लागते. दोनचाकी ट्रॉली भरतानाही हाच नियम. ऊस मागे फार लोंबला तर ट्रॅक्टरची मागची चाके उचलल्यासारखी हलकी होतात आणि तेवढा ब्रेक कमी होतो.

पण पाचवे चाक असले तरी घडी पडायची थांबत नाही, फक्त अवघड होते. खरा उपाय एकच: मागच्याने स्वतःला स्वतः आवरावे. आगगाडीने हा धडा आधी शिकला. पूर्वी इंजिनाला ब्रेक असे आणि डब्याडब्यावर माणूस उभा राहून हाताने ब्रेक आवळी. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली दाबाखालच्या हवेने सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम लावण्याची युक्ती काढली. १८७२ मध्ये तिच्यात त्याने एक विलक्षण सुधारणा केली. नळीतला हवेचा दाब *कमी* झाला की ब्रेक लागावेत, अशी उलटी रचना. त्यामुळे गाडी मधेच तुटली, नळी फाटली, तर दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीड शहरात रेल्वे सुरू झाली. त्या गाडीच्या प्रत्येक डब्याला आपापले ब्रेक आहेत, म्हणून कोणी कोणाला ढकलत नाही. मोठ्या ट्रेलरचे ब्रेक याच तत्त्वावर चालतात. चालत्या घरांना विजेचे ब्रेक असतात, आणि सांधा सुटलाच तर एक तार ओढली जाऊन ते आपोआप लागतात.

एक साधी रचना तर मला फार आवडते. तिच्यात ट्रॉलीची दांडी थोडी मागेपुढे सरकू शकते. ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागली की दांडी आत दबते आणि तीच हालचाल ट्रॉलीचे ब्रेक लावते. ज्या रेट्याने अपघात व्हायचा त्याच रेट्याला कामाला लावले! (मागे घेतानाही दांडी दबते, म्हणून तेव्हा हे ब्रेक सोडवण्याची सोय ठेवावी लागते.) आपल्या गावागावांतल्या ट्रॉली बांधणाऱ्या कारागिरांना हे अशक्य नाही.

वळणाचे गणित तर पायथागोरसचे आहे. मागची गाडी पुढच्याच्या चाकोरीतून जात नाही, ती आतून कापते. समजा ट्रॅक्टर १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो आहे आणि त्याच्या आसापासून ट्रॉलीचा आस ५ मीटर मागे आहे. ट्रॉलीची दांडी ट्रॉलीच्या वर्तुळाला स्पर्शिका असते, म्हणून काटकोन त्रिकोण होतो: १०० वजा २५, ७५, त्याचे वर्गमूळ ८.६६. दुसरी तशीच ट्रॉली जोडली तर ७५ वजा २५, ५०, वर्गमूळ सुमारे ७.०७. सांधा नेमका आसावर नसल्याने प्रत्यक्षात आकडे थोडे बदलतील. तरीही पूर्ण वळणात मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या वाटेपेक्षा जवळपास तीन मीटर आतून जाते. आत दरी असेल तर? गावातल्या चौकात आत सायकलवर कोणी उभे असेल तर? म्हणून नव्या चालकाने वळणाच्या बाहेरच्या कडेने जाऊन उशिरा वळायचे आणि ट्रॅक्टर वळणाबाहेर आला तरी वळण संपले असे समजायचे नाही. वहीत कंपासने ही आकृती काढून पाहा.

ट्रॉल्यांच्या मागून येणाऱ्याचीही एक अडचण आहे. रात्री लोंबणाऱ्या उसाने मागचे दिवे झाकले जातात, आणि ताशी दहा-पंधरा वेगाने चाललेली काळी भिंत मोटारसायकलवाल्याला फार उशिरा दिसते. दर हंगामात पोलीस, परिवहन खाते आणि कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात ते याचसाठी. त्या लाल तुकड्यात एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन-तीन आरशांच्या बारीक खोबणी असतात. त्यात शिरलेला प्रकाश तीन वेळा उसळून जिथून आला तिथेच परत जातो. चिखलाने तो माखला की निरुपयोगी. ओल्या फडक्याने पुसायला काही खर्च नाही.

राहिले मागे घेणे. येथे चालकाचा हात आधी शिकलेल्या सवयीशी भांडतो. ट्रॉलीचे शेपूट डावीकडे न्यायचे तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते, आणि ट्रॉली वळू लागताच लगेच डावीकडे आणून तिच्यामागे जावे लागते. थोडा उशीर झाला की घडी. एक ट्रॉली मोकळ्या पटांगणात, रिकामी, दहा-वीस वेळा मागे घेतली की हात बसतो. दोन ट्रॉल्या एकदम मागे घेण्याचा हट्ट मात्र धरू नये. दोन सांधे, दोन्ही अस्थिर, आणि चालकाच्या हातात चाक एकच. काड्यापेट्यांवर करून पाहा. तीन पेट्यांना ढकलत सरळ नेणारा मला अजून भेटलेला नाही. शहाणा चालक उतरतो, मागच्या ट्रॉलीच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावतो आणि मगच खीळ काढतो. पुन्हा जोडताना खीळ पूर्ण खाली गेली का, तिच्या टोकाची क्लिप बसली का, हे तो हाताने चाचपतो, आणि निघण्याआधी एकदा हलकेच ओढून पाहतो. अमेरिकेतला चालत्या घराचा मालकही सकाळी निघताना अगदी हेच करतो. ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे, गाडी किंचित पुढे खेचायची आणि खुंटा खाचेत पक्का आहे की नाही ते पाहायचे.

ट्रॅक्टर रस्त्यावर चालवायचा परवाना वयाच्या अठरा वर्षांनंतरच मिळतो. तोवर काड्यापेट्या आहेत, आणि हे एक गणित आहे: वर घेतलेल्या दोन ट्रॉल्यांपैकी मागच्या ट्रॉलीला तिच्या वजनाच्या पाव भागाएवढे बल देणारे ब्रेक बसवले, तर १५ स १ च्या उतारावर सगळी वरात ताशी २० किलोमीटर वेगावरून किती मीटरांत थांबेल?